माकड, तट्टू आणि निखारा

पैशाला नावे ठेवणारी माणसे जगात कमी नाहीत. संत, तत्त्वज्ञ, कर्ज देऊन बसलेले आणि कर्ज घेऊन बसलेले, सगळेच त्याला नावे ठेवतात. पण दुसऱ्या अर्थानेही माणसाने पैशाला जितकी नावे ठेवली, तितकी पोटच्या पोरालाही ठेवली नसतील. आपल्याकडचेच पाहा ना. रोकड आहे, दाम आहे, दमडी आहे, मोड आहे, खुर्दा आहे आणि देवघरातल्या भाषेत लक्ष्मी आहे. माझ्या आईच्या तोंडी दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली अशी एका घरातल्या बहिणी शोभाव्यात तशी नावे असत. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. तिथे पैसा तोंडाने बोलतच नाही. आणि मुंबईतल्या एका विशिष्ट जगात लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात, हे आता वर्तमानपत्रांच्या कृपेने शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

साहेब पैशाविषयी बोलत नाही, असे म्हणतात. ते अर्धे खरे आहे. सुटाबुटातला साहेब शेजाऱ्याचा पगार विचारणार नाही, घराचे भाडे विचारणार नाही. हवापाण्यावर तासभर बोलेल. पण त्याच साहेबाच्या गावात भाजीवाले, हमाल, टॅक्सीवाले, घोड्यांवर पैसे लावणारे आणि एकेकाळचे खिसेकापू यांनी मिळून पैशाचे एक वेगळेच सहस्रनाम रचून ठेवले आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिल ते जून असे तीन महिने पुतण्याकडे लंडनला राहण्याचा योग आला. राजवाडा, मेणाचे पुतळे आणि मोठे घड्याळ पहिल्या आठवड्यात उरकले. उरलेल्या दिवसांत मी या सहस्रनामाच्या मागे लागलो. पुतण्या म्हणाला, "काका, लोक इथे येऊन पौंड साठवतात, तुम्ही पौंडाची नावे साठवताय." मी म्हटले, "नावांना कस्टमवाले अडवत नाहीत."

सुरुवात अर्थात बाजारापासून. पूर्व लंडनमध्ये दर रविवारी एक जुना बाजार भरतो. रस्त्याचे कागदोपत्री नाव मिडलसेक्स स्ट्रीट. पण लोक त्याला अजून पेटिकोट लेन म्हणतात. फ्रान्समधून परागंदा झालेले विणकर, मग ज्यू शिंपी, मग आपल्या बाजूचे बंगाली अशा एकामागून एक आलेल्या निर्वासितांनी आणि पोटार्थी लोकांनी हा भाग वसवला. कपड्यांचे ढीग, चामड्याच्या पिशव्या, मोबाइलची कवचे आणि या सगळ्यावर विक्रेत्यांचा गलका. आमच्या सौ.ने एक शाल उचलली. दुकानदाराने पाच बोटे दाखवून सांगितले, "फाइव्ह क्विड, लव्ह." हे शेवटचे संबोधन इथे भाजीवालाही आजीबाईंना लावतो, हे पुतण्याने घाईघाईने समजावून सांगितले म्हणून पुढचा व्यवहार सुखरूप पार पडला.

क्विड म्हणजे पौंड. एक क्विड आणि शंभर क्विडही; या शब्दाला अनेकवचन सहसा लागत नाही. शब्द थेट सतराव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे आपल्याकडे राजाराममहाराज जिंजीला होते त्या सुमारापासूनचा. आला कुठून? लॅटिनमध्ये ‘क्विड’ म्हणजे ‘काय’. ‘काय’च्या बदल्यात ‘काय’, अर्थात देवाणघेवाण, यावरून तो आला असावा, असे काही कोशकार म्हणतात. माझ्या मते जगातल्या कुठल्याही बाजारात पैशाला याहून समर्पक नाव मिळायचे नाही. गिऱ्हाईक विचारते, "काय?" दुकानदार म्हणतो, "काय देता?"

याच भागात, सेंट मेरी-ल-बो या देवळाच्या घंटा ऐकू येतील एवढ्या अंतरात जन्मला तो खरा कॉकनी, असा जुना दंडक आहे. या कॉकनी मंडळींची यमकी बोली हा एक अजब प्रकार आहे. मनातला शब्द बोलायचा नाही. त्याच्याशी यमक जुळणारी जोडी बोलायची, आणि ऐकणाऱ्याला तीही कळू लागली की यमकाचा शब्द गाळून टाकायचा. मराठीत करायचे झाले तर ‘पैसा’ न म्हणता ‘काळा म्हैसा’ म्हणायचे, आणि महिन्याभराने ‘म्हैसा’ही सोडून नुसते विचारायचे, "काय रे, खिशात थोडा काळा आहे का?" आयकर खात्याच्या दृष्टीने ही बोली आपल्याकडे रुजली नाही हेच बरे.

कॉकनीत पैसा म्हणजे ‘मनी’. त्याचे यमक ‘हनी’ म्हणजे मध. म्हणून ‘ब्रेड अँड हनी’, आणि मग नुसते ‘ब्रेड’. रोख पैसा म्हणजे ‘कॅश’. त्याचे यमक ‘सॉसेज अँड मॅश’. पाच पौंडांची नोट म्हणजे ‘फायव्हर’; तिचे यमक ‘लेडी गोडायव्हा’. ही अकराव्या शतकातली कॉव्हेंट्रीची सरदारीण. नवऱ्याने रयतेवर लादलेला कर माफ व्हावा म्हणून ती केवळ आपल्या लांब केसांचे वस्त्र पांघरून घोड्यावरून गावभर फिरली, अशी दंतकथा आहे. कर माफ करवून घेणाऱ्या बाईचे नाव नोटेला मिळावे, यात रयतेची कृतज्ञता दिसते. २००९ साली तर पूर्व लंडनमधल्या काही एटीएम यंत्रांवर इंग्रजीबरोबर कॉकनी भाषेचाही पर्याय ठेवला होता. यंत्र आधी आपला ‘हकलबेरी फिन’ विचारी. म्हणजे पिन!

या गमती नव्या झाल्या. खरी खाण आहे ती जुन्या चलनात. १९७१ सालच्या फेब्रुवारीच्या १५ तारखेपर्यंत इंग्रजांचा हिशेब असा होता: बारा पेन्सांचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे पेन्स दोनशे चाळीस. शिवाय अडीच शिलिंगांचा हाफ-क्राउन आणि एकवीस शिलिंगांची गिनी. आपल्या आजीच्या गळ्यातली ती गिन्नी. हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी आपला सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया आठवावा. आपण १९५७ सालच्या १ एप्रिलला नवे पैसे आणले. म्हणजे या एका बाबतीत साहेबापेक्षा चौदा वर्षे पुढे होतो. त्या वर्षी मी पहिलीत होतो. वाण्याकडे जुना आणा देऊन नवे सहा पैसे घ्यायचे, आणि चार आणे दिले की सहा चोक चोवीस नव्हे तर पंचवीस मागायचे, हा माझ्या आयुष्यातला पहिला अर्थशास्त्राचा पाठ.

त्या जुन्या शिलिंगाला इंग्रज म्हणत बॉब आणि सहा पेन्सांच्या चिमुकल्या चांदीच्या नाण्याला टॅनर. बॉब हे रॉबर्टचे लाडके रूप. म्हणून हा शब्द रॉबर्ट वॉलपोल या पंतप्रधानावरून आला, अशी कथा सांगतात. वॉलपोल १७४५ साली वारला. शब्द छापील मजकुरात भेटू लागतो तो त्या शतकाच्या अगदी शेवटी. इतकी वर्षे तो शब्द कुठे दडून बसला होता, हे कथा सांगणारा सांगत नाही. टॅनरचेही तेच. त्या शतकात टांकसाळीत टॅनर नावाचा एक मुख्य कोरक होता, त्याचे नाव नाण्याला मिळाले म्हणतात. पण दुसरे लोक एका निराळ्याच, भटक्या भाषेतल्या ‘लहान’ या अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतात. ती भाषा वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

बॉब गेला, टॅनरही १९८० साली चलनातून कायमचा गेला. पण म्हातारी माणसे अजून बोलतात. लबाड माणसाला ती ‘नऊ बॉबच्या नोटेइतका वाकडा’ म्हणतात, कारण दहा बॉबची नोट होती, नऊची कधीच नव्हती. आपल्याकडेही पाव रुपयाचे नाणे २०११ साली मोडीत निघाले, आणा जाऊन तर दोन पिढ्या झाल्या. तरी गोष्ट खरी असली की ती अजून सोळा आणेच खरी असते. सरकारला नाणे मोडीत काढता येते, शब्द मोडीत काढता येत नाही.

शब्दाच्या पोटात नाण्यापेक्षाही जुने काही असते, हे मला कळले ते वेस्टमिन्स्टरला, पार्लमेंटच्या इमारतीपाशी. वीस पौंडांना बाजारात ‘स्कोअर’ म्हणतात. स्कोअर म्हणजे खाच. लिहिता न येणारा धनगर मेंढरे मोजताना दर विसाला काठीवर एक खाच पाडी, तीच ही खाच. आपल्या खेड्यातल्या आज्या ‘तीन विसा’ म्हणत, त्या याच शाळेतल्या. पण गंमत पुढेच आहे. इंग्लंडच्या राजाचा खजिनासुद्धा कित्येक शतके अशाच खाचांच्या काठ्यांवर हिशेब ठेवी. हजार पौंडांना तळव्याएवढी रुंद खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, आणि एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. अर्धी देणेकऱ्याला, अर्धी घेणेकऱ्याला. दोन्ही चिरफाळ्या जुळल्या तरच हिशेब खरा. बनावट खाच पाडणाऱ्याला दुसऱ्या अर्ध्यावर खाच पाडता येत नसे. घेणेकऱ्याकडे राहणारा लांब तुकडा तो ‘स्टॉक’. आपल्या दलाल स्ट्रीटवर ज्या शब्दाचा दिवसभर गजर चालतो, त्याला या लाकडाचा वास आहे.

ही पद्धत १८२६ साली बंद पडली. जुन्या काठ्यांचे भारेच्या भारे पडून होते. गोरगरिबांना सरपण म्हणून वाटून टाकावेत, हे कुणाला सुचले नाही. १८३४ सालच्या १६ ऑक्टोबरला त्या लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. भट्ट्या तापल्या, धुराड्याने पेट घेतला आणि रात्रीत पार्लमेंटची जुनी इमारत जळून खाक झाली. आज आपण ज्या इमारतीपुढे उभे राहून फोटो काढतो, ती त्यानंतरची. सहाशे-सातशे वर्षांच्या हिशेबाने एका रात्रीत आपले व्याज वसूल केले, असेच म्हणायचे.

आता माकड आणि तट्टू. लंडनच्या दक्षिणेला एप्सम नावाचे गाव आहे. १७८० पासून तिथे डर्बीची शर्यत होते. डर्बीची गर्दी आम्हाला झेपण्यासारखी नव्हती, म्हणून पुतण्याने एप्रिलमधल्या एका साध्या शर्यतीला नेले. हिरव्या टेकाडाच्या उतारावर घोडी धावत होती आणि कठड्याजवळ बुकी आपापल्या पाट्या लावून उभे होते. तिथे पंचवीस पौंडांना ‘पोनी’ म्हणतात, म्हणजे तट्टू. पाचशे पौंडांना ‘मंकी’, म्हणजे माकड. मी वहीत लिहून घेताना पाहून शेजारचे एक सभ्य गृहस्थ आपणहून पुढे आले. आम्ही हिंदुस्थानातले हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "मग हे तर तुमचेच शब्द! आमचे सोजीर तुमच्या देशात होते ना, तेव्हा तिथल्या पंचवीस रुपयांच्या नोटेवर तट्टू असे आणि पाचशेच्या नोटेवर माकड. ते परत आले ते हे शब्द घेऊन." ही कथा मग मला लंडनमध्ये आणखी चार ठिकाणी ऐकायला मिळाली, एकदा तर आपल्याच एका गुजराती औषधवाल्याच्या तोंडून, आणि तीही अभिमानाने.

कथा गोड आहे, पण तिच्यात दम नाही. हिंदुस्थान सरकारच्या कागदी नोटा १८६१ च्या कायद्याने सुरू झाल्या, आणि पहिल्या नोटांवर चित्र होते ते राणी व्हिक्टोरियाचे. जुगाऱ्यांच्या बोलीत ‘पोनी’ हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीसच आलेला होता, आणि ‘मंकी’ १८३० नंतरच्या दशकात. म्हणजे नोट जन्मण्यापूर्वीच तिच्यावरचे माकड विलायतेत पोहोचले होते! हनुमंताने समुद्र उल्लंघला हे आपण जाणतो, पण इथे त्याला काळही उल्लंघावा लागला असता. शिवाय माकडाची किंवा तट्टाची नोट आजवर कोणत्याही संग्राहकाने दाखवलेली नाही.

अशा कथा आणखी आहेत. ‘मला त्याची डॅमचीही पर्वा नाही’ असे इंग्रज म्हणतो, त्यातला डॅम म्हणजे आपल्या बादशाही चलनातला ‘दाम’, असे १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशात आहे. पुढच्या कोशकारांनी ते मानलेले नाही. उंची राहणीला ‘पॉश’ म्हणतात. तो शब्द मुंबईच्या आगबोटीवरचा, असे शपथेवर सांगतात. जाताना बोटीच्या डाव्या अंगाची खोली आणि येताना उजव्या अंगाची घेतली म्हणजे ऊन लागत नसे, आणि या चार शब्दांची आद्याक्षरे श्रीमंतांच्या तिकिटांवर छापलेली असत म्हणे. तसले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. विलायतेत गेलेला आपला एक अस्सल शब्द मात्र सगळे कोश बिनतक्रार मान्य करतात. तो म्हणजे ‘लूट’. बोलीत त्याचाही अर्थ पैसा असाच होतो. त्याच्याविषयी मात्र कुणी गोड कथा सांगत नाही.

या सगळ्या खोट्या कथांत एक खोड सारखी आहे. शब्द कुणातरी बड्याकडून यावा लागतो: पंतप्रधानाकडून, टांकसाळीच्या अधिकाऱ्याकडून, पलटणीतल्या सोजिराकडून, पहिल्या वर्गाच्या उतारूकडून. खरे शब्द मात्र धनगराच्या काठीवरून आणि बाजारातल्या हातगाडीवरून आलेले. आणि त्यातला एक असा आहे, की जो खरोखरच आपल्या मातीतून गेला; पण साहेबाच्या सामानातून नव्हे.

लंडनची तरुण पोरे पैशाला ‘वाँगा’ म्हणतात. पुतण्याच्या कचेरीतली मुले महिनाअखेरीस एकमेकांना विचारतात, "वाँगा आहे का?" या नावाची एक झटपट कर्ज देणारी कंपनीही निघाली होती, ती २०१८ साली बुडाली. कोश उघडून पाहिले तर ‘वाँगा’पुढे लिहिलेले: बहुधा रोमनी भाषेतल्या ‘वाँगर’वरून; अर्थ, कोळसा, आणि त्यावरून पैसा. इंग्रजी चोरांच्या जुन्या बोलीतही कोळसा म्हणजे पैसाच. थंड देशात ज्याच्याजवळ कोळसा तो श्रीमंत, हे समजण्यासारखे आहे. पण हा ‘वाँगर’ कोण? पंडित सांगतात, संस्कृत ‘अंगार’. आपण ज्याला अंगार म्हणतो, निखारा म्हणतो, तोच.

रोमनी ही जिप्सींची भाषा. सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या देशाच्या वायव्येकडून हे लोक बाहेर पडले आणि इराण, आर्मेनिया, ग्रीस अशी मजल दरमजल करीत युरोपभर पसरले. ब्रिटनमधली त्यांची पहिली पक्की नोंद १५०५ सालची आहे, आणि ती पैशाच्याच हिशेबात आहे: स्कॉटलंडच्या राजाच्या खजिन्यातून ‘इजिप्शियनांना’ सात पौंड दिल्याची. लोकांना ते इजिप्तचे वाटले, म्हणून जिप्सी. राजाची ही उदारता शेजारी इंग्लंडमध्ये मात्र चालली नाही. तिथे १५३० साली त्यांना देशाबाहेर घालवण्याचा कायदा झाला. १५५४ साली, न जाणाऱ्याला मरणाची शिक्षा ठरली. १५९२ साली डरॅम येथे पाच जणांना फाशी दिले. गुन्हा हाच, की ते ‘इजिप्शियन’ होते. हा कायदा रद्द झाला १७८३ साली. योगायोग असा, की त्याच वर्षी ग्रेलमान नावाच्या जर्मन विद्वानाचे पुस्तक निघाले आणि हे लोक इजिप्तचे नसून हिंदुस्थानचे आहेत, हे युरोपभर माहीत झाले. जिथले ते नव्हते, तिथले म्हणून त्यांना सव्वादोनशे वर्षे फाशीची भीती घालण्यात आली होती.

जूनमध्ये मी हट्टाने ॲपलबीला गेलो. इंग्लंडच्या उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत, ईडन नदीच्या वळणात हे लहानसे गाव वसले आहे. जूनच्या आरंभी तिथे जिप्सींचा घोडेबाजार भरतो. लाल-हिरव्या नक्षीच्या गोल छपरांच्या घोडागाड्या, त्यांच्या शेजारी चकचकीत मोटारगाड्या, कोंबड्या, कुत्री, पितळी भांडी. चौदा-पंधरा वर्षांची पोरे उघड्या पाठीच्या घोड्यांवर बसून त्यांना नदीत पोहणी घालतात आणि काठावर हजारो लोक पाहत उभे असतात. मला आपल्या अकलूजचा आणि सारंगखेड्याचा घोडेबाजार आठवला. सौदा तोंडी चालतो. पण प्रत्येक आकड्याला एकजण दुसऱ्याच्या तळहातावर जोराने टाळी मारतो, आणि शेवटची टाळी बसली की सौदा पक्का. कागद नाही, पावती नाही. वर विकणारा थोडे पैसे घेणाऱ्याच्या हातावर परत ठेवतो, शकुनाचे म्हणून. जिथे बाजार भरतो त्या टेकडीचे नाव आता जत्रेची टेकडी आहे. पूर्वी ते फाशीची टेकडी असे होते.

एका गाडीच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ चहा पीत बसले होते. इथले जिप्सी आता इंग्रजीच बोलतात. जुन्या भाषेचे शब्द तेवढे त्यात पेरलेले असतात. मी मुंबईकडचा, हे सांगून मी त्यांना त्यांचे आकडे विचारले. त्यांनी बोटे उघडली. "येक, दुई, त्रिन, श्तार, पांज." मी माझी बोटे उघडली. "एक, दोन, तीन, चार, पाच." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग कपाकडे बोट दाखवून म्हणाले, "पानी?" मी म्हटले, "पाणी." नाकाला हात लावला, "नाक." कानाला लावला, "कान." खिशातून चाकू काढला, "चुरी." ही आपली सुरी. चांदीला ‘रुप’, ज्यातून आपला रुपया झाला. मुलाला ‘चावो’, म्हणजे आपला छावा. आणि भावाला ‘प्राल’. इंग्रजीत मित्राला जो ‘पॅल’ म्हणतात तो यातूनच आलेला, आणि आपल्या ‘भ्राता’चा सख्खा. ‘पॉश’ म्हणजे अर्धा, असेही त्यांच्याकडून कळले. एकोणिसाव्या शतकातल्या चोरांच्या बोलीत पॉश म्हणजे एक हलके नाणे, हे मी वाचले होते. त्या नाण्याला आगबोटीच्या तिकिटाची गरजच नव्हती.

मी विचारले, "वाँगर?" म्हातारबुवा हसले. त्यांनी एका हाताने गाडीबाहेरच्या चुलीतले निखारे दाखवले आणि दुसऱ्या हाताने खिसा थोपटला. मग ते म्हणाले, "पोरांना वाटते हा शब्द टीव्हीवरून आला."

आमचे बोलणे चालू असताना समोरच्या रस्त्यावरून पोलिसांची गाडी सावकाश दोनदा गेली. त्यांनी वर पाहिलेही नाही. २०२२ साली पार्लमेंटने नवा कायदा करून, दुसऱ्याच्या जागेत गाडी लावून मुक्काम करणे हा काही परिस्थितीत फौजदारी गुन्हा ठरवला. त्याविषयी मी विचारल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की त्यांच्या आजाच्या वेळी वेगळा कायदा होता आणि त्याच्या आजाच्या वेळी आणखी वेगळा.

हे ऐकून साहेबाला नावे ठेवण्याचा मोह होतो. पण जरा थांबावे. याच साहेबाने १८७१ साली आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींना जन्मतःच चोर ठरवले, हे खरे. तो कायदा आपण १९५२ साली रद्द केला, हेही खरे. पण गावाबाहेर पाल पडले की आपल्या आळीतली दारे आजही लागतात, आणि त्या पालांतल्या बोलीचे किती शब्द आपल्या बोलण्यात मिसळले आहेत, याची चौकशी करायला आपल्यापैकी कुणी पायरीवर जाऊन बसत नाही. मग आपणही एखादी माकडाच्या नोटेची कथा सांगतो आणि आपले शब्द राजेरजवाड्यांकडून आले असे समजून समाधान मानतो.

पूर्वी आपल्याकडे काडेपेटी जपून वापरत. सकाळी चूल विझलेली असली की शेजारणीकडून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव मागून आणायचा. नाही म्हणायची रीत नव्हती. तसाच एक निखारा या लोकांनी हजार वर्षे, अर्धे जग ओलांडून, ज्यांनी फाशीची भीती घातली त्यांच्या दारापर्यंत जपून नेला. आज लंडनमधली पोरे महिनाअखेरीस एकमेकांकडे तोच उसना मागतात.